ड्रायरचा खटका

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळ.

ड्रायरच्या दाराचं हँडल हातात आलं. हातात आलं म्हणजे मी तोडलं असं नव्हे. मी ओढत होतो आणि ते तुटलं, या दोन स्वतंत्र घटना आहेत. प्लास्टिक थकलेलं होतं. आतला खटका, म्हणजे दार ज्यात अडकतं तो, टण्णकन उडून कुठेतरी गेला. दार आता मिटतच नाही. दार मिटल्याशिवाय मशीन चालत नाही.

सौ. म्हणाली, मेकॅनिकला बोलवा. तिला रोज नर्सचा स्वच्छ गणवेश लागतो, या थंडीत बाल्कनीत कपडे वाळत नाहीत, त्यात पुढच्या सोमवारी बढती मिळून मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सची प्रमुख म्हणून रुजू व्हायचंय, वगैरे. मी म्हटलं, ज्याने उभी हयात प्लॅनिंग खात्यात काढली त्याच्या घरी एका खटक्यासाठी मेकॅनिक? तर म्हणे, तिथे तुम्ही प्लॅनिंग करायचात, कामं दुसरे करायचे.

दुर्लक्ष केलं. निवृत्त झाल्यापासून मी फार शांत झालो आहे.

दुपार. उडालेला खटका शोधला. मिळाला नाही. पाय मोकळे करायला गच्चीवर जाऊन आलो. परत शोधला. परत गच्चीवर. उद्या संध्याकाळपर्यंत काम फत्ते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी.

आपल्याकडचा एकही स्क्रूड्रायव्हर बसत नाही. स्क्रू चांदणीच्या आकाराचे आहेत. ही कंपन्यांची लबाडी. शेजारच्या मिशीवाल्यांकडून एक आणला. ते मागोमाग बघायला आले. मशीनसोबतचं माहितीपुस्तक वाचलंत का, असं विचारत होते. मी म्हटलं, पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकतं का? ते म्हणाले, बुडत तरी नाही.

दार काढलं. आत नीट पाहिलं. दार लावलं. थोडे स्क्रू उरले. ते जादाच देत असावेत.

सौ.ने आल्या आल्या विचारलं की दार भिंतीच्या बाजूने का उघडतंय आणि आता हात कुठून घालायचा. उलटं बसलंय हे मला दिसलं होतं. पर्याय तपासून पाहत होतो.

बुधवार, ५ फेब्रुवारी.

दार सुलट केलं. मशीनला वाटलं पाहिजे की दार मिटलंय, एवढंच. म्हणून दाराच्या चौकटीतलं बटण आइस्क्रीमच्या काडीने दाबून ठेवलं आणि दारावर चिकटपट्टी मारली. चालू! मिशीवाल्यांना हाक मारून दाखवलं.

पट्टी गरम झाल्यावर सुटते, हे तिच्या पाकिटावर लिहायला हवं होतं. दार फाडकन उघडलं, ड्रम फिरतच राहिला. मोजे सगळ्या खोलीभर. एक सासूबाईंच्या चहात. सासूबाई, म्हणजे सौ.च्या मातोश्री, आमच्याकडेच असतात. त्यांनी मोजा कपातून काढला, पिळला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, जावईबापू, हा अजून ओलाच आहे.

संध्याकाळी सौ. हॉस्पिटलमधलं काहीतरी सांगत होती. ऐकलं. त्या वेळी टेकूची कल्पना सुचली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी.

दाराला खुर्ची टेकवली. खुर्ची सरकते. खुर्चीवर वजन हवं. मी बसलो, पण मला एका जागी बसवत नाही, कामं असतात. सासूबाईंना विनंती केली. त्या कुरकुरत बसल्या. मग उठेनातच. पाठीला ऊब लागते, कंबर मोकळी झाली म्हणाल्या. कपडे वाळले तरी मशीन बंद करू देईनात. शेवटी वाळलेले टॉवेल पुन्हा भिजवून आत टाकले.

ज्या दुखण्यावर डॉक्टरांनी हात टेकले ते मी बरं केलं. तरीही सौ. घरी येऊन म्हणते काय, माझ्या आईला दाराची कडी केलीत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी.

ऑर्डर केलेला नवा खटका आला. पाकिटात दोन तुकडे. दोन्ही सारखेच. एक घुसणारा आणि एक अडकवणारा असे लागतात, हे आता कळलं. दोन्ही घुसणारे आहेत. ऑर्डर देताना मला गच्चीवर जायची घाई होती. परत पाठवायला आठवडा जाईल. शक्य नाही.

सौ.ने सोमवारची निमंत्रणपत्रिका आणली. हॉस्पिटलच्या सभागृहात छोटा समारंभ आहे. तिला दोन शब्द बोलायचेत. काय बोलू, असं विचारत होती. मी म्हटलं, छोटं आणि मुद्द्याचं बोल. मग तिला दोन्ही खटके दाखवले. सारखे का आहेत ते सविस्तर सांगितलं. ती आत निघून गेली. तिलाही पटलं असावं.

शनिवार, ८ फेब्रुवारी.

जुन्या हँडलचा तुकडा आणि एक नवा खटका गोंदाने जोडायचं ठरलं. नळीवर लिहिलंय दोन थेंब पुरे, आणि रात्रभर हात लावू नये. मी सकाळी जोडला आणि चहा होईपर्यंत थांबलो. ओढून पाहिला. निघाला. पुन्हा जोडला. बाजारात चक्कर मारून आलो. ओढून पाहिला. निघाला. मिशीवाले म्हणाले, बी पेरून रोज उकरून बघणारा माणूस प्रथमच पाहिला. त्यांना गुणवत्ता तपासणी काय कळणार.

संध्याकाळी अख्खी नळी ओतली. आता हात लावणार नाही. दिवाणखान्यातून पाहिलं तर चालतं.

रविवार, ९ फेब्रुवारी.

यश! दार लोटलं, ‘टक्’ असा आवाज आला आणि ते मिटलं. सासूबाईंची सुटका झाली (त्या नाराज आहेत). सौ.चे दोन्ही पांढरे गणवेश आत टाकले, उद्याचा आणि एक राखीव. सौ. खरंच हसली. म्हणाली, बरं झालं, मला काळजीच होती. उद्या पहिल्या रांगेत तिच्या शेजारची खुर्ची माझी आहे, वेळेवर या म्हणाली. मी म्हटलं, मी कधी उशीर केलाय?

संध्याकाळ. कपडे वाळले. दार उघडत नाही. तापून फुगलं असेल. थंड झालं की उघडेल. सौ.ला सांगितलं नाही, उगाच झोपमोड नको.

सोमवार, १० फेब्रुवारी. सकाळ.

थंड झालं. उघडत नाही. गोंद फटीतून चौकटीत उतरलेला दिसतोय. काचेतून दोन्ही गणवेश स्पष्ट दिसतात. छान वाळलेत.

गरम पाणी, सुरी, सासूबाईंची विणायची सुई. सुई वाकली. मी हातोडी आणली तेव्हा सौ. म्हणाली की नको, काचेचे कण कपड्यात जातील. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. तिने मैत्रिणीला फोन केला, तिचा गणवेश मागवला. मैत्रीण अंगाने दुप्पट आहे. मागून पिना लावल्या. मिशीवाल्यांच्या गाडीतून सौ. आणि सासूबाई गेल्या. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, दार दहा मिनिटांत उघडतं, तुझा गणवेश घेऊनच येतो.

दुपार. उघडतंय. एक कोपरा हलला.

दुपारनंतर. उघडलं. म्हणजे बिजागरीसकट सबंध दारच हातात आलं. गणवेश मात्र निष्कलंक! इस्त्री केली, कपडे बदलले, निघालो. खालीच मिशीवाल्यांची गाडी परत येताना भेटली. सौ.च्या हातात फुलं होती. मी गणवेश पुढे केला. ती म्हणाली, इस्त्री चांगली झालीये.

मंगळवार, ११ फेब्रुवारी.

सौ. इस्त्रीचा गणवेश घालून कामावर गेली. नेहमीच्याच वेळी.

मिशीवाल्यांनी फोनवर फोटो दाखवले. सौ. माइकसमोर उभी. पिना अजिबात दिसत नाहीत. पहिल्या रांगेत सासूबाई, मग तिची खुर्ची, मग एक रिकामी. सभागृह भरलेलं, माणसं मागे उभी आहेत. मी विचारलं, तिथे कोणाला बसवायचं नाही का? ते म्हणाले, लोक विचारत होते, पण सासूबाईंनी पर्स ठेवली होती. येतीलच, म्हणत होत्या.

सौ. काय बोलली ते विचारलं. मिशीवाले म्हणाले, तिलाच विचारा.

संध्याकाळी विचारलं. ती बूट काढत होती. म्हणाली, विशेष काही नाही, छोटं आणि मुद्द्याचं. शेवटी तुमचे आभार मानले. माझ्या ड्युटीच्या पाळ्यांमध्ये ज्यांनी घर सांभाळलं ते इथे बसलेत, असं म्हटलं आणि हात केला. आधी लिहून पाठ केलं होतं ना, तोंडातून निघून गेलं. सगळ्यांनी वळून पाहिलं.

मग ती हात धुवायला गेली.

मी बसून राहिलो. बराच वेळ. गच्चीवर गेलो नाही.