साडूभाऊंचे नऊ प्रोग्रॅम

३ मार्च, मंगळवार. सकाळी ७.१०
घरचा कॉम्प्युटर सुरू व्हायला चार मिनिटं. तेवढ्यात माझी दाढी उरकली. बायको म्हणाली, भाऊजींना फोन करते, ते चुटकीसरशी ठीक करतील. भाऊजी म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, माझा साडू. सहा वर्षांनी लहान, केस सगळे शाबूत. मी म्हणालो, काही गरज नाही. मला त्याचा मत्सर वगैरे नाही. माझ्या स्वभावातच नाही ते.

४ मार्च, बुधवार
ऑफिसातल्या टायपिस्टबाईंनी अनइन्स्टॉलरबद्दल सांगितलं. नको ते प्रोग्रॅम मुळासकट काढतो म्हणे, मागे राहिलेल्या फायलीही हुडकून पुसतो. निश्चय: रविवारपर्यंत कॉम्प्युटर दहा सेकंदांत सुरू. बायकोने तोंडात बोटं घातली पाहिजेत. लग्नाला अकरा वर्षं झाली. 'तुम्हाला छान जमतं' एवढं तिने एकदाच म्हणावं, बस्स.

५ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६
अनइन्स्टॉलर घेतला. यादीत प्रत्येक प्रोग्रॅमपुढे तो टाकल्याची तारीख. १४ फेब्रुवारीला एकदम नऊ! त्या दिवशी साडू जेवायला आला होता. जेवायला आला होता की बिऱ्हाड थाटायला?

जेवताना बायकोने तीनदा भाऊजींचं नाव काढलं. मी मोजत नव्हतो.

७ मार्च, शनिवार. दुपारी ३
शास्त्रीय पद्धत ठरली: १४ फेब्रुवारीचं सगळं काढायचं. नावं वाचत बसलो नाही, वेळ जातो. आधी रिस्टोअर पॉइंट बनवू का, म्हणजे चुकलं तर सगळं परत आणता येईल, असं अनइन्स्टॉलरने विचारलं. नको म्हटलं. मागे वळून बघणारा माणूस नव्हे मी. उरल्यासुरल्या फायली पुसू का? पूस बाबा, एकूण एक पूस.

३.४०
नऊच्या नऊ साफ. इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. कॉम्प्युटर तीन मिनिटं पन्नास सेकंदांत सुरू. सुधारणा आहे.

८ मार्च, रविवार. सकाळी ९
बायकोचा शिवणक्लास आहे. उद्या एका शाळेत गणवेशाचे नमुने दाखवायचेत. काम मिळालं तर वर्षभराची ददात मिटेल. मापांचे कागद छापायला बसली आणि शिवणाचा प्रोग्रॅमच नाही. प्रिंटरही ओळख दाखवेना. दोन महिने खपून काढलेली, भाऊजींनी फेब्रुवारीत त्यात भरून दिलेली मापं गायब. मी म्हणालो, व्हायरस असेल. ती रडली नाही. नुसती पडद्याकडे बघत बसली. ते फार वाईट.

९.२०
मलाच जमेल. पाच मिनिटं दे म्हणालो.

११.३०
अजून पाच मिनिटं मागितली. तिने फोन उचलला.

दुपारी १
साडू आला. तिच्या मापांची एक प्रत त्याने फेब्रुवारीतच आपल्याकडे ठेवली होती, असावी म्हणून. असल्या माणसांचा मला तिटकारा आहे. नंतर त्याने अनइन्स्टॉलर उघडला. आत सगळी नोंद: शनिवार, दुपारी, नऊ प्रोग्रॅम, नऊही त्याचेच. त्याने नोंद वाचली. माझ्याकडे बघितलं. मग त्याने पडद्यावरची ती खिडकी बंद केली आणि बायकोला सांगितलं की कॉम्प्युटर मुळातच मरायला टेकला होता, साडूभाऊंनी, म्हणजे मी, वेळेवर साफसफाई केली म्हणून निभावलं. प्रिंटर चालू करून चहा न घेताच गेला.

९ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७
शाळेचं काम मिळालं. बायको खुशीत. चहाचा कप स्वतः आणून हातात दिला आणि म्हणाली, तुम्हाला कॉम्प्युटरचं छान जमतं हो.

अकरा वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य अखेर मिळालं, आणि तेही त्यानेच मिळवून दिलं. मी चहा प्यायलो. काय करणार?