पेटीत कोणाला ठेवावे याबाबत

मी, खाली सही करणारा, धंदा मृतदेह ठेवण्याच्या शीतपेट्या भाड्याने देणे (सध्या पेटी एकच), राहणार दुकानाच्या वरची खोली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मेहुण्याचे होते, पण तो चहा प्यायला गेला आहे.

१. दुकान, खोली, गाडी आणि पेटी ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून ती माझ्या पश्चात सर्वस्वी माझ्या मुलीची राहील. गाडी तीच चालवते, पेटी तीच उचलते आणि रडणाऱ्या माणसांशी हळू आवाजात तीच बोलते. इतर कोणी हक्क सांगू नये.

२. पेटीबद्दल खुलासा. तिच्यातला वायू जुन्या जातीचा आहे. तो हवेत सुटला की जगाचा उन्हाळा वाढतो, म्हणून त्याचा वापर हळूहळू कमी करायचे ठरले आहे. कमी वीज खाणारी नवी पेटी घ्यायला शीतकरण निधी पैसे देतो. अट एवढीच, की जुनी पेटी ‘चालू स्थितीत, योग्य भारासह’ निधीच्या तपासनिसांना दाखवायची आणि त्याच दिवशी त्यांच्यासमोर तिच्यातला वायू काढून सिलिंडरमध्ये भरून द्यायचा.

पहिल्या तपासणीला मुलीने आत कलिंगडे ठेवली. तपासनीस म्हणाले, “अहो, ही काय कलिंगडांची पेटी आहे? हा गैरवापर झाला.” दुसऱ्या वेळी मेहुणा स्वतः आत झोपला. हातपाय ताठ, डोळे मिटलेले, अगदी कौतुक करावे असा पडला होता. तपासनीस मान डोलावत लिहू लागले आणि हा शिंकला. ‘भार जिवंत आढळला’ असा शेरा पडला. गिऱ्हाइकांना विचारण्याची सोय नाही. ज्याचे माणूस गेले, त्याला तपासणीचे कोणत्या तोंडाने सांगायचे?

३. सबब, मी माझा देह योग्य भार म्हणून देत आहे. मी गेल्यावर आधी तपासनिसांना फोन करावा, मग नातेवाइकांना. तपासणी चालू असताना कोणी हसू नये. मेहुण्याने खोलीबाहेर थांबावे.

हे कलम वाचून दाखवल्यावर मुलगी म्हणाली, “बाबा, काहीतरीच काय! नको मला ती पेटी.” तिला पेटी हवी आहे. जुनी बंद पडली की तिचा धंदा बसला, हे तिलाही ठाऊक आहे.

४. माझे पाने, पकडी आणि स्क्रू ड्रायव्हर मेहुण्यास द्यावेत. मात्र नव्या पेटीला त्याने हात लावू नये. पेटी थंड होईना की हा वायू भरतो, गळती कधी शोधत नाही. “भाऊजी, भरला की झालं!” हेच त्याचे शास्त्र. त्याची बहीण, म्हणजे माझी बायको, गेली तेव्हा याच पेटीत होती आणि ऐन दुपारी पेटी बंद पडली. त्याने वायू भरला, तो फुस्स करून निघून गेला. मग मी पुठ्ठा घेऊन तिला वारा घालत बसलो. तिला उकाडा मुळीच सोसत नसे. मेहुण्यावरचा तो राग अजून गेलेला नाही. अवजारे तरी त्याचीच, कारण त्या दुपारी तोही पोरासारखा रडला.

दुसऱ्या कोणाच्या माणसावर अशी दुपार येऊ नये, एवढ्यासाठी नवी पेटी.

५. माझे घड्याळ मुलास. तो परदेशी असतो. बायकोला तेव्हा त्याची वाट बघतच पेटीत ठेवले होते. बाळा, या वेळी तसे जमणार नाही. तपासणी झाली की वायू काढतील, पेटी बंद होईल आणि मला लगेच न्यावे लागेल. फोनवर सांगितले की तू “बघतो” म्हणतोस, म्हणून लेखी कळवत आहे. याची एक प्रत आजच तुला पाठवली आहे. मला बघायचे असेल तर आत्ता ये. अजून मी उठून दार उघडतो.

वरील मजकूर माझा असून, वाचून पाहून, खालील दोघांच्या देखत सही केली आहे.

सही: पेटीवाला

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई (मी शुद्धीत असल्याचे दोनदा तपासले)
२. शेजारचा चावीवाला

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: प्रत पाठवली तोच