सूर्याचा ‘जा’ हरवला

१२ जानेवारी
आकाराम मास्तर काल लोलक देऊन गेले. ते विज्ञानाचे, मी मराठीचा, दोघेही रिटायर. म्हणाले, ताऱ्यापतूर कोण जातंय? त्याचा उजेड फोडायचा आन् वाचायचा. काळ्या रेघांवरून कळतं तिथं कुठले वायू हायत. निळा-जांभळा जास्त तर तारा लई तापलेला, तांबडा जास्त तर त्यामानानं गार.
जन्मभर कविता शिकवल्या; उजेडालाही ओळी असतात हे आत्ता कळतंय!
उरलेलं आयुष्य ताऱ्यांना. सुरुवात सूर्यापासून. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यामुळे पुढे ढकललं. घाबरून नव्हे. वेळ नाही.

१४ जानेवारी, सकाळी
खिडकीत लोलक, समोर पांढरी भिंत. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही ताना-पिहि-निपाजा कसं हेल काढून म्हणायचो! ‘जा’ तर पार फाटकापर्यंत ऐकू जायचा.
भिंतीवर ता, ना, पि, हि. नि अंधूक. पा? शंका. जा नाहीच.

१५ जानेवारी
जांभळा नाही, म्हणजे सूर्य गार पडतोय. प्रूफ: काल रंकाळ्यावर भर दुपारी स्वेटर लागला. मोठ्या शास्त्रज्ञांना ठाऊक असणार. लोक घाबरतील म्हणून गप्प आहेत. आमच्या हिला, पद्मावतीला सांगायचं नाही. बाईमाणूस, हाय खाईल.

त्याच दिवशी, संध्याकाळी
सांगितलं. म्हणाली, गार पडायच्या आत पापड वाळवून घेते. ‘जा’ हरवलाय म्हटलं, तर म्हणाली, मी देते की, दवाखान्यात जा!

१९ जानेवारी
झोप नाही. हुपरीला दिलेल्या लेकीला फोन केला, पोरांना लोकरीचं घे म्हटलं. ती म्हणाली, फोन आईकडे द्या.

२३ जानेवारी
आकारामांना बोलावून, दार लावून भिंत दाखवली. म्हणाले, जांभळा हाय की ढळढळीत! पद्मावतीलाही दिसला. हिला काय, मला खोटं पाडायला काहीही दिसतं. मग आकारामांनी माझा चष्मा उतरवून डोळ्यात बघितलं. म्हणाले, मास्तर, तुमच्याच डोळ्यातली काच पिवळी पडलीया, जांभळा तिथंच अडतोय. सूर्याला कशाला बदनाम करताय?
सूर्य वाचला! फार हायसं वाटलं. मग लक्षात आलं, आता ऑपरेशन टाळायला कारणच उरलं नाही. सूर्य विझतोय हे बरं होतं. त्यात सगळे माझ्याबरोबर होते. टेबलावर मी एकटाच.

३ फेब्रुवारी
उजवा डोळा झाला. अजिबात भ्यालो नाही. नर्स तेवढी म्हणाली, आजोबा, माझा हात सोडा आता.

१० फेब्रुवारी
उजव्या डोळ्यानं जा दिसला. केवढा जांभळा! भिंतीला हात लावून उभा राहिलो. मग उजवा झाकला. डाव्यातला सूर्य अजून गारच. पद्मावतीला समजावलं, तुलनेसाठी एक डोळा जुना ठेवणं शास्त्राच्या दृष्टीनं आवश्यक आहे. बरं म्हणाली, आणि माझ्यासमोरच फोन करून शुक्रवारची वेळ घेतली.
आज रात्री दिवा राहू दे म्हणालो. तिनं दिवा ठेवला, आणि आपला हात माझ्या हातात दिला.