माणसांची घट

पनवेल,
मंगळवार, १३ ऑगस्ट १९९१

प्रिय विश्वजीत,

गुरुवारी तुझं कुवेतचं विमान, त्यात आज बापाचं पत्र. उपदेश असणार असं समजून तू ते तसंच बॅगेत टाकशील. टाकू नकोस. विमानतळाजवळ कुमुदआत्याकडे जिथे असशील तिथे बसून आत्ता वाच.

तुझ्या आईने बेसनाचे लाडू वळलेत आणि आमचा विश्वजीत परदेशात जमिनीच्या मोजणीला चाललाय हे अख्ख्या आळीला सांगून झालंय. मीही कमी नाही, पोस्टातल्या माणसाला न विचारता तुझा पगार सांगून आलो. मला आनंद झाला होता रे, खरंच झाला होता.

निवृत्त झाल्यापासून मी कळंबोलीच्या एका ठेकेदाराची अंदाजपत्रकं करतो, ते तुला ठाऊक आहे. यंदा त्याच्याकडे कुवेतचंच काम आहे. लढाई काही महिन्यांत आटोपली, पण उभारणीचा आकडा पाहून माझी तीस वर्षांची नोकरी मला पोरखेळ वाटली. भिंत बांधायच्या आधी राडारोडा उचलायचा खर्च, त्याच्याही आधी जमिनीतले सुरुंग काढायचा. तिकडे घरं पडली आणि इकडे सळईचा भाव चढला. ठेकेदाराने पेढे वाटले, मीही एक खाल्ला.

आमच्या कामात घट धरतात. सळई कापताना तुकडे वाया जातात, सिमेंटची पोती फुटतात, म्हणून प्रत्येक बाबीवर शेकडा दोन-तीन जादा लावायचे. मे महिन्यात ठेकेदाराचा माणूस काशिराम कागद घेऊन आला आणि म्हणाला, "काका, तितं जमीन अजून साफ नाय. माणसांची पन घट धरा."

मी धरली. एक शब्द विचारला नाही. मजुरांवर शेकडा तीन. मोजणीची माणसं सगळ्यांच्या आधी त्या जमिनीवर चालणार, म्हणून त्यांच्यावर जास्त: बारा जणांच्या तुकडीमागे एक जादा माणूस, त्याचं विमानभाडं, आणि एका घरी द्यायची भरपाई. अंदाजपत्रक एका फटक्यात मंजूर झालं. ठेकेदाराने माझी पाठ थोपटली आणि मला ते आवडलं.

तू मला फक्त एजंटचं नाव सांगितलं होतंस, काम कोणत्या ठेकेदाराचं ते नाही. काल काशिरामने तुकडीची यादी तपासायला पाठवली. अकराव्या ओळीत तुझं नाव, त्यापुढे वडिलांचं म्हणून माझं.

तुझ्या तोंडावर हे सांगायची छाती होत नाही, म्हणून दादू ड्रायव्हरच्या हाती पत्र पाठवतोय. तू जाऊ नकोस. एजंटला दिलेले अठरा हजार बुडू देत. उद्या संध्याकाळपर्यंत घरी आला नाहीस तर मी विमानतळावर येऊन सगळ्यांदेखत तुझा हात धरीन. आणखी एक लपवत नाही. तू गेला नाहीस की तुझ्या जागी यादीतला तेरावा, तो जादा माणूस जाईल. तो आपल्या परसातली भिंत बांधणाऱ्या शुक्राचा नीलेश आहे. त्याची शिफारस मीच केली होती. काल शुक्रा येऊन माझ्या पाया पडून गेला, आणि यादी पाहिलेली असूनही मी त्याला काही बोललो नाही. आजही त्याच्या घरी पत्र लिहिलेलं नाही. लिहिलं तर तोही जायचा नाही, तुकडीत माणूस कमी पडेल आणि ठेकेदार दोघांनाही अडवून धरेल, तुलाही सोडणार नाही. तू ये.

तुझाच,
बाबा