पप्पांचं शेवटचं पान

भिंगार,
१७ जानेवारी २०२६

प्रिय सॅमकाका,

स्टेलाचा सलाम. सारा काकूंनाही सांगा. देवळालीत थंडी कशी आहे? तुमच्या उसाला तोड आली, की अजून कारखान्याच्या चिठ्ठीचीच वाट पाहताय? मी बरी आहे. संस्थेतले कॉम्प्युटरचे वर्ग सुरळीत चालू आहेत.

फोन करता आला असता. पण तुम्ही 'बोल लेकी' म्हणता आणि माझं धाडस तिथंच संपतं. म्हणून कागद घेतला.

परवा वर्गात मी प्रोग्राम लिहून मोठा मजकूर दाबून लहान, म्हणजे झिप, कसा करायचा ते शिकवत होते. तो एकदम देत नाहीत, तुकड्या-तुकड्यानं देतात. यंत्र थोडं बाहेर टाकतं, थोडं पोटात ठेवतं. शेवटी एक ओळ लिहून सांगावं लागतं, की संपलं, आता उरलेलं काढ. दळण झाल्यावर गिरणीचं कापडी तोंड झटकतात ना, तसं. निकिता नावाच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, ती लाईन इसरली तर काय हुतं?" मी म्हणाले, शेवटचं आतच राहतं. आणि पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आले.

काका, ती ओळ मी विसरले होते. पप्पांच्या फाईलला.

शेवटची तीन वर्षं पप्पा रोज थोडं थोडं टाईप करून आपलं आयुष्य लिहीत होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. दवाखान्यात त्यांनी मला बजावलं होतं, "शेवटची पानं सॅमची आहेत. छापून त्याच्या हातात दे." मी हो म्हटलं. ते गेल्यावर महिन्याभरात मी ती फाईल स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामनं दाबून ठेवली. गरज काहीच नव्हती, मजकुराला जागा ती किती लागते! मला मिरवायचं होतं. नंतर उघडून पाहिली, पहिलं पान नीट दिसलं, खूश झाले. मूळ फाईल पुसली आणि लॅपटॉप कोरा करून संस्थेला देऊन टाकला. शेवट मी तोवर वाचलासुद्धा नव्हता. रडू येईल म्हणून पुढे ढकलत होते.

डिसेंबरात पप्पांना जाऊन वर्ष झालं, त्या प्रार्थनेआधी छापायला घेतली, तेव्हा कळलं. तुमची पानं नाहीत.

प्रार्थनेनंतर चपला घालता घालता तुम्ही विचारलंत, "दादानं माझ्याबद्दल काय लिवलंय का गं?" मी म्हणाले, "नाही काका, काहीच नाही." खरं सांगितलं असतं तर पानं कुठे गेली तेही सांगावं लागलं असतं. "बराबर हाय, त्यानं कशाला लिवावं," म्हणालात आणि न जेवताच गेलात. माझी अब्रू राहावी म्हणून मी तुम्हाला उपाशी पाठवलं. तेव्हापासून आरशात बघायची लाज वाटते.

फाईल आजीच्या मातीच्या दिवसापर्यंत येते. तुम्हाला पोचायला उशीर झाला होता, आणि त्या दिवसापासून पप्पा जाईपर्यंत तुम्हा दोघांचा अबोला होता. उरलेल्या शेवटच्या ओळी अशा आहेत:

'आईला मूठमाती देऊन झाली आणि सॅम फाटकात दिसला. मी सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, आलास तसा मागे फिर. तो फिरला. तेव्हापासून रोज मला'

एवढंच. पुढचं मला माहीत नाही. काल ते वाक्य मीच पूर्ण करून पाहिलं, तुम्हाला बरं वाटेल असं. मग खोडलं. एकदा खोटं बोलून झालंय.

छापलेली पानं सोबत आहेत. शेवटचं पान अर्ध्यापासून कोरं आहे, ते माझ्यामुळे.

पुढच्या रविवारी, पत्र पोचल्यावर, उपासना झाली की दुपारच्या एसटीनं देवळालीला येते. फाटकातूनच मागे फिर म्हणालात तर फिरेन. पण काका, तेवढं तरी तोंडानं म्हणा. गप्प बसू नका.

तुम्ही लेक म्हणता ती,
स्टेला