वाळवंटाला पाणी घालू नये, याविषयी

ती. वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकूनच म्हणायला हवं. परवा मैद्याचं पोतं सरकवल्यापासून मला सरळ होता येत नाही.) तुमचा खोकला आता थांबला असेल, आणि दिवसपाळी मिळाल्यामुळे हॉस्पिटलातली जागरणंही संपली असतील. इकडे तुमचे बंधुराज ठणठणीत आहेत. त्यांना कधी काही होत नाही, जे व्हायचं ते आजूबाजूच्यांना होतं.

सुट्टी लागली की लेकीला न्यायला येते, असं तुम्ही लिहिलंत. त्याबद्दल मला जरा बोलायचंच आहे, पण आधी तुमचे आभार मानू द्या. तुमची बदली झाली आणि पोर आमच्याकडे आली, तेव्हा जो तो म्हणाला की मामा-मामींनी मोठे उपकार केले. उपकार कुणी कुणावर केले ते आमचं आम्हाला ठाऊक. आली तेव्हा ‘हो मामी’ आणि ‘नको मामी’ यापुढे तिची गाडी सरकत नव्हती. ह्यांनी तिचं नाव मौनीबाबा ठेवलं. आम्हाला पोराबाळांची सवय नाही. आम्हा बेकरीवाल्यांना एकच उपाय सुचतो. ती गप्प दिसली की बिस्किटं द्यायची, आणखी गप्प दिसली की केक.

मग शाळेनं जीवसंहतींचा प्रकल्प काढला. (मलाही आधी कळलं नव्हतं. वाळवंट, वर्षावन, टुंड्रा असे जगाचे हवामानाप्रमाणे पडलेले मोठाले भाग, आणि तिथली हवा मानवलेली झाडं-जनावरं गुण्यागोविंदानं नाहीतर एकमेकांना खाऊन जगतात, तो सगळा संसार म्हणजे जीवसंहती.) बाकीच्या मुलांनी पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवली. आमच्या मौनीबाबांनी ह्यांचं पिठात खुपसायचं थर्मामीटर उचललं, बेकरीचा कोपरा न् कोपरा मोजला आणि जेवताना जाहीर केलं, की सगळं जग इथंच आहे. भट्टीच्या माथ्यावर वाळवंट, थंड खोलीत टुंड्रा, दुकानाच्या काचेपाशी गवताळ प्रदेश. पोचे आलेले पावाचे साचे तिनं मागून घेतले आणि एकेका साच्यात एकेक मुलूख वसवला.

घोडं अडलं ते वर्षावनाशी. त्याला ऊब हवी आणि ओलही हवी, आणि दोन्ही एकत्र मिळतं ते फक्त पीठ फुगवायच्या पेटीत. त्या पेटीला हात लावायची मुभा मला लग्न झाल्यापासून नाही. ह्यांनी मात्र भाचीकडे एकदा पाहिलं आणि पेटी रिकामी करून दिली. वर्षावन झकास वाढलं. पीठ बिचारं टेबलावर कापडाखाली कुडकुडत बसलं आणि पाव पाटीसारखे चपटे निघाले. ‘ही नवी जात आहे, पचायला हलकी,’ असं ह्यांनी गिऱ्हाइकांना शांतपणे सांगितलं. (आता लोक तीच जात मागतात, आणि ती कशी करायची ते ह्यांना आठवत नाही.)

टुंड्रा माझ्या हातून गेला. थंड खोलीत लोण्याच्या डब्याशेजारी शेवाळ चढलेला साचा दिसला, मला शरम वाटली, आणि मी तो घासून लख्ख करून पालथा घातला.  पोरीनं नवं शेवाळ आणलं आणि साच्यावर चिठ्ठी लावली: ‘हे घाण नाही.’

पण खरा घोटाळा वाळवंटात झाला. भट्टीवरच्या त्या उन्हाळ्यात एकटं उभं असलेलं इवलंसं निवडुंग पाहून मला राहवायचं नाही. मी सकाळी कुणाचं लक्ष नाहीसं पाहून पेलाभर पाणी घालायची. हे दुपारी घालायचे. रोज पाव न्यायला येणारे रिटायर्ड पोस्टमास्तर तर आपल्या पेल्यातलं उरलेलं पाणी बिनदिक्कत ओतायचे. वर्षावनातसुद्धा एवढा पाऊस पडत नसेल. आठवड्याभरात निवडुंग बुंध्यापासून कुजून आडवं झालं, आणि पाणी घालणारे आम्ही तिघंही एकमेकांकडे न बघता उभे राहिलो.

त्या दिवशी मौनीबाबांनी मौन सोडलं. भट्टीसमोर, गिऱ्हाइकांदेखत, कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मामी, त्याला काही नको होतं. त्याच्याजवळ नुसतं बसायचं होतं.”

वन्सं, मला इतका आनंद कशानं झाला नव्हता. आमच्यावर रागवावं एवढं हे घर तिला आपलं वाटतं, हे मला तेव्हा कळलं. त्या संध्याकाळी मी केक कापला नाही. नुसती जाऊन तिच्याजवळ बसले. मग ती बोलायला लागली ती थांबेचना. निम्मं तुमच्याबद्दलच होतं: तुम्ही कामावरून आल्यावर आधी बूट काढता की आधी तिला हाक मारता, इथपर्यंत. तेव्हापासून रोज भट्टी निवली की आम्ही तिघं नव्या निवडुंगाशेजारी स्टुलं टाकून बसतो. हे तुम्ही आम्हाला दिलंत. तुमचे आभार कसे मानावेत ते मला खरंच सुचत नाही.

आता मुद्द्याचं. पाचवा मुलूख पानझडी वनाचा, ते साच्यात मावेना. मागच्या दारी एक रोप लावलंय. त्याची पानं गळून नवी फुटेपर्यंत प्रकल्प पुरा होत नाही, आणि त्याला वर्ष लागणारच. अभ्यासाचा प्रश्न आहे, त्यात मी काय बोलणार? तेव्हा न्यायची घाई करू नये, असं आपलं मला वाटतं.

मोठ्यांच्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
तुमची भावजय

ता. क. हे म्हणतात, खोटं लिहू नकोस. प्रकल्प तपासून झाला. तिचा दुसरा नंबर आला. (पहिला नंबर ज्वालामुखीला. ज्वालामुखी ही जीवसंहती नव्हे, हे मी शाळेत जाऊन सांगून आले.)

ता. क. २ तिनं बॅग केव्हाच भरली आहे, आणि रोज उठल्यावर तुम्ही कधी येणार ते विचारते. तुम्ही ठरल्या दिवशीच या, एक दिवसही उशीर करू नका.

ता. क. ३ निवडुंग ती आमच्याकडे ठेवून जाते आहे. त्याला महिन्यातून एकदा पाणी, तेही चमचाभर, अशी आम्हा दोघांना ताकीद आहे. वन्सं, दर सुट्टीत तिला पाठवाल ना? चमचाभर पाणी घालून झाल्यावर उरलेला महिना आम्ही दोघांनी करायचं तरी काय?