कुंडवालीचा केस

७ एप्रिल १९८६, सावळटेक

पोहोचलो एकदाचा. पिंपळनेरहून निघालेल्या एस.टी.ने फाट्यावर सोडलं, तिथून पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन दोन मैल चाललो. ऊन मी म्हणत होतं, तरी मन खूश होतं. नोकरीतलं हे माझं पहिलं स्वतंत्र काम. हुद्दा छोटाच आहे, नारू निर्मूलन सर्वेक्षक, पण गावात पाय ठेवल्यापासून मी 'डाक्टर' झालोय. दोनदा नाही म्हणून पाहिलं, मग सोडून दिलं.

राहायची सोय भाईदास आबांकडे आहे. आबा पूर्वी इथले पोलीस पाटील होते. आता पासष्टी उलटली असेल, पण गाव अजून त्यांच्याच शब्दावर चालतं. त्यांनी ओसरीलगतची खोली झाडून ठेवली होती. झुंबरबाईंनी कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं. फैजपूर सोडल्यापासून इतकं पोटभर जेवलो नव्हतो. पाणी मात्र माझं मी उकळून, गाळून पिणार असं सांगितलं. त्यांना राग आला नाही. आबा हसून म्हणाले, साहेब लोकांनी जपलंच पाहिजे.

संध्याकाळी कुंड पाहिलं. विहीर नव्हे, जमिनीखालची दगडी खोलीच. वरून मोठमोठ्या फरश्यांचं छत, आत जायला एकच कमान, तिच्यातून एकतीस पायऱ्या खाली पाण्यात. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरतात. तेच पाणी वर प्यायला. पायऱ्यांवर हिरवा बुळबुळीत थर आणि एक शिळा, आंबूस वास. नाकाला रुमाल लावून पाहिलं, कामच ते आहे.

९ एप्रिल

अठ्ठावीस घरं झाली. अकरा रोगी.

नारू पुस्तकात वाचला होता, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिला. वना नावाच्या शेतकऱ्याच्या घोट्यावर फोड फुटलेला, त्यातून पांढरी दोऱ्यासारखी अळी लोंबत होती. आगपेटीच्या काडीला गुंडाळून रोज दोन-तीन बोटं बाहेर ओढायची. घाई केली आणि तुटली, तर आत सडते. मी काडी फिरवली तेव्हा पुवाचा एक थेंब माझ्या नखावर पडला. तीनदा साबण लावला. जेवताना उजवा हात तोंडाशी नेववेना.

इथे कुणी नारू म्हणत नाही. म्हणतात, 'कुंडवालीचा केस'. कुंडात एक बाई आहे, तिचे केस पाण्यातून माणसाच्या अंगात शिरतात आणि वर्षाने पायातून बाहेर पडतात. मग ती माणसाला ओढून पाण्याशी नेते. पोरासोरांपासून सगळे हेच सांगतात. ठरवलं, रोजनिशीत यातलं खरं किती आणि खोटं किती ते लिहायचं. अहवालाला उपयोग होईल.

१३ एप्रिल

आज मजा आली. दंतकथेची एक एक शिवण उसवली.

केस अंगात जातो म्हणतात. खरं काय, तर पाण्यातल्या बारीक किड्यांमधून नारूची पिल्लं पोटात जातात. वर्षाने केस बाहेर येतो म्हणतात. बरोबरच आहे, अळी वाढायला वर्ष लागतं. बाई पाण्याकडे ओढते म्हणतात. फोडाची इतकी आग होते की माणूस आपणहून पाय पाण्यात बुडवतो, आणि नारू नेमका तेव्हाच हजारो पिल्लं सोडतो. म्हणजे लोकांनी पाहिलेलं सगळं खरं, फक्त नाव भुताचं दिलं.

पारावर सगळ्यांना भिंगातून ते किडे दाखवले. भागाबाई नावाच्या म्हातारीला तिथेच ओकारी झाली. चांगलं झालं. किळस आली तर गाळून पितील. नियमही सांगितला की ज्याच्या पायाला फोड आहे त्याने पाण्यात उतरायचं नाही, काही झालं तरी. आबांनी तो नियम गावाला दोनदा ऐकवला. हापशाचं खोदकाम सुरू आहेच, त्याला पाणी लागलं की कुंड कायमचं बुजवा, हेही सांगितलं.

१८ एप्रिल

एक गोष्ट जुळत नाही. दंतकथा तीनशे वर्षांची आहे म्हणतात, कुणा सरदाराच्या दासीची. पण आरोग्य केंद्रात जुनी रजिस्टरं पाहिली. १९६९ सालच्या सर्वेक्षकाने सावळटेकपुढे साधं 'नारू' लिहिलंय. १९७४ च्या माणसाने लिहिलंय, 'लोक यास कुंडवालीचा केस म्हणतात'. म्हणजे ही तीनशे वर्षांची बाई मधल्या पाच वर्षांत जन्मली.

आबांना विचारलं. ते सुपारी कातरत राहिले आणि म्हणाले, मागचा साहेब आळशी असेल, त्याने नीट विचारलं नसेल.

वनाचा नारू आज संपला. पण त्याच भोकातून दुसरा दोरा निघाला, काळा. मी काडी लावायला गेलो तर वनाने हात धरला.

"हाऊ नारू नही शे, डाक्टर. नारू धवळा ऱ्हास."

दोरा ओढला तर ताणला गेला नाही, तुटला नाही. वीतभर आला. चिकट, पुवाने माखलेला. शेवटी कापला आणि स्पिरिटच्या बाटलीत घालून धुळ्याला तपासणीला पाठवला.

२३ एप्रिल

ज्याला मी दंतकथा म्हणत होतो त्याचं मूळ सापडलं. न सापडतं तर बरं होतं.

मंजुळाबाई गावाबाहेर एकटी राहते. साठीची. तिच्या घरी रोगी नाही, म्हणून मी शेवटी गेलो. कुंडवालीचं नाव काढलं तर म्हणाली की तिचं नाव सुंदरबाई, ती माझी जाव होती.

बहात्तरच्या दुष्काळात गावाला या कुंडाशिवाय थेंब नव्हता. सुंदरबाईच्या दोन्ही पायांत मिळून सात नारू. आग सोसवेना झाली की ती पळत जाऊन पाण्यात बसायची. गाव तिला मारून हाकलायचं. मग आबांनी ठरवलं की कमान दगडांनी बंद करायची आणि दिवसातून एकदाच उघडायची. ज्या दिवशी दगड रचले त्या दुपारी ती आधीच आत जाऊन बसली होती. आतून हाक आली. लोक थबकले. आबांनी आत डोकावून पाहिलं आणि सांगितलं की आत कुणी नाही, ही कुंडातली जुनी बाई आहे, हिला ओ देऊ नका. त्या दिवसापासून कुंडवाली जन्मली.

चार दिवस कमान उघडली नाही. कुणाची छातीच होईना. पाचव्या दिवशी तहानेने उघडली. हाक थांबली होती. आत सुंदरबाई दिसली नाही आणि कुणी शोधलीही नाही, कारण शोधायचं म्हणजे कबूल करायचं. पाणी हिरवट झालं होतं, वर तेलासारखा तवंग होता. पाऊस येईपर्यंत दीड महिना गाव तेच प्यालं.

मंजुळाबाई हे सगळं गवऱ्या थापता थापता सांगत होती. मग तिने हात थांबवले.

"मी बी तेच पानी पिनू, भाऊ. घागरमा केस निंघेत. काढी टाकूत आनि पेऊत."

कुंड कायमचं बंद करण्याआधी तिला बाहेर काढा, असं तिने मला सांगितलं. बघतो म्हणालो. बांधापर्यंत आलो आणि पोटातलं सगळं ओकलो.

२४ एप्रिल

आबांसमोर सरळ विषय काढला. वाटलं, चिडतील. चिडले नाहीत. पितळी तांब्यातून घोटभर पाणी प्याले आणि मिशा पुसल्या.

"दुसरं पाणीच नव्हतं, डाक्टर. मग काय प्यायचं?"

जणू मी तेवढंच विचारलं होतं. जेवायला बसलो तर झुंबरबाईंच्या हाताकडे पाहून घास गिळवेना. या हातांनीही घागरीतले केस काढले असतील. या गावातला प्रत्येक म्हातारा माणूस माझ्या डोळ्यांना आता आतून ओला, हिरवा दिसतो.

२६ एप्रिल

हापशाला पाणी लागलं. चांगलं, गोड पाणी. गाव नाचलं.

आता कुंडाची गरज नाही. ग्रामपंचायतीने ठराव केला की कमान चिरेबंद बुजवायची. आबांनीच मांडला. रोग थांबवायचा तर हेच करायला हवं, आल्यापासून मीच कानीकपाळी ओरडतोय. कागदावर माझी सही हवी होती. पाणी उपसून सुंदरबाईला काढायचं म्हटलं तर पोलीस येणार, पंचनामे होणार, काम वर्षभर अडणार. मेलेली मेली, जिवंत माणसं तरी वाचू देत, अशी मनाची समजूत घातली.

सही केली.

मंजुळाबाई वाटेत भेटली. माझ्या पायांकडे बघून निघून गेली.

२ मे

उजव्या घोट्याला खाज. डास असेल.

छगन गवंड्याने कमानीचं काम सुरू केलंय. चिरे फोडल्याचा आवाज खोलीपर्यंत येतो.

५ मे

फोड आलाय. घोट्याच्या आतल्या बाजूला, सुपारीएवढा.

हे शक्य नाही. नारूला वर्ष लागतं. मला इथे येऊन एक महिनाही झाला नाही. गेल्या वर्षी मी फैजपूरला होतो, नळाचं पाणी पीत होतो. इथे एक थेंबही न उकळता प्यालेलो नाही. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतोय. पुस्तक काढून पाहिलं. पुस्तकही तेच सांगतंय.

७ मे

धुळ्याचं उत्तर आलं. दोनच ओळी. नमुना नारूचा नाही. मानवी केस आहे, स्त्रीचा असावा, मुळासकट. सरकारी प्रयोगशाळेची थट्टा करू नये.

मुळासकट. वनाच्या मांसात मूळ धरून—

फोड फुटला. आत काळं आहे.

८ मे

काडी लावली. एक वीत. दोन वीत. काडीवर जागा उरली नाही, पेन्सिलीला गुंडाळला. केसाला खोबरेल तेलाचा वास आहे, शिळ्या, खवट तेलाचा. पुवातूनही येतो. गुंता आहे त्यात. कुणाची तरी वेणी—

आग. पायाला नाही, हाडाला आग लागलीय. हापशाखाली पाय धरला. काही उपयोग नाही. त्याला हे पाणी नको आहे.

९ मे

सकाळी आबांना सांगितलं. सही मागे घेतो. कुंड उपसायचं, बाईला बाहेर काढायचं. आजच धुळ्याला पत्र लिहितो, १९७२ चं सगळं लिहितो.

आबांनी माझा पाय पाहिला. बराच वेळ पाहिला. मग शांतपणे म्हणाले की तुम्ही आजारी आहात, पडून राहा, पत्र मी टाकायला पाठवतो. पत्र त्यांच्या हातात दिलं.

का दिलं? गुंगी होती. दुपारी पाहिलं, चुलीपाशी कागदाचा जळका कोपरा. झुंबरबाईंनी पदराने झाकला.

१० मे, सकाळ

कुंडाकडे गेलो. कमानीत छातीएवढी भिंत झालीय. दोन माणसं बसवलीत. त्यांनी अडवलं. फोड असलेल्याने पाण्यात उतरायचं नाही, काही झालं तरी. माझेच शब्द. एकाने हातात दगड घेतला होता—

मंजुळाबाईकडे गेलो. तिला म्हणालो, चुकलो. ती म्हणाली की हे माले सांगू नका, तिले सांगा.

१० मे, दुपार

माणसं जेवायला गेली. भिंतीवरून आत आलो. एकतिसाव्या पायरीवर आहे. पाय पाण्यात. आग थांबली. दोन दिवसांनी पहिल्यांदा— इतकं गार—

वरून उजेड येतोय, लिहिण्यापुरता. पाणी पायाशी काळं आहे. काळं पाणी नाही ते. पसरलंय, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तोंडाशी, नाकाशी तोच खवट वास. उठायला गेलो. घोटा धरलाय. ओढत नाही. नुसता धरलाय, पोराचा हात धरावा तसा.

सुंदरबाई, मी सही केली. ऐकू जाईल असं म्हणालो. दोनदा म्हणालो.

वर चिऱ्याचा आवाज. माणसं परतली. ओरडलो. घसा फुटेपर्यंत. छगनचा आवाज आला, आत कुणी शे का, असं विचारत होता.

आबा वाकले. भिंतीवरून चेहरा दिसला. आमची नजरानजर झाली. नीट झाली, माझी खात्री आहे. त्यांनी मला पाहिलं.

मग मागे वळून छगनला म्हणाले,

"कोनी नही. ती शे. लाव."

आता हातभर उजेड आहे.

चार बोटं—

पाण्यात कुणीतरी उठून बसतंय, मला ती दिसत नाही, पण पाणी तिच्या अंगावरून ओघळतंय तो आवाज, आणि ती माझ्या कानाशी तोंड आणून म्हणते आहे की ओ देऊ नकोस, बाहेर माणूस कुणी नाही, ते सगळे—